टाळ्यांच्या गजरातील साक्ष

३० ऑक्टोबर १९९६ रोजी सहार विमानतळावर मायकेल जॅक्सनचे विमान उतरले, तेव्हा नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने त्याच्या कपाळाला टिळा लावला. तो ‘मातोश्री’वर जाऊन शिवसेनाप्रमुखांना भेटला आणि १ नोव्हेंबरला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याचा कार्यक्रम झाला. निमित्त होते शिव उद्योग सेनेच्या निधीचे. त्या दिवसांत महाराष्ट्रात जो वाद झडला तो वाचकांना आठवत असेल. संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांना हा धांगडधिंगा कसा चालतो, असे एक बाजू विचारत होती. कलेला देश नसतो, असे दुसरी बाजू सांगत होती. सरकारने माफ केलेला करमणूक कर हा तिसरा वाद. तो ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात नेला आणि तीन कोटींहून थोड्या अधिक रकमेचा तो हिशेब मंत्रिमंडळाने मिटवला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये. तोपर्यंत गायक जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि त्या रात्री अंधेरीत बेभान नाचलेली पोरे पन्नाशीकडे झुकली होती.

या गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. याच गायकावर तीनच वर्षांपूर्वी एका तेरा वर्षांच्या मुलाने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. बातमी आपल्याकडेही छापून आली होती. पण ‘अमेरिकेत असले चालतेच’ आणि ‘पैशासाठी काहीही करतील’ या दोन वाक्यांनी ती आपल्या दिवाणखान्यांतून बाहेर गेली. प्रस्तुत लेखकाच्या घरीही तसेच झाले, हे कबूल केले पाहिजे. आमच्याकडे त्या आठवड्यात भांडण झाले ते तिकिटाच्या किमतीवरून.

तो प्रश्न आज पुन्हा उकरून काढायचा कशाला? माणूस २५ जून २००९ रोजी वारला. त्याच्यावर खटला चालला आणि तो सुटला. पण जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ हा चार तासांचा माहितीपट दाखवला गेला आणि प्रकरण पुन्हा जिवंत झाले. आज ज्यांच्या घरी नातवंडे मोबाइलवर ‘थ्रिलर’ पाहतात त्यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. लोक दोन तटांत विभागले जातात, आणि दोन्ही तट पुराव्याकडे न पाहता गाण्याकडे पाहून मत बनवतात. ज्याला गाणे आवडते त्याला आरोप खोटा वाटतो. ज्याला तो चेहरा विचित्र वाटतो त्याला आरोप खरा वाटतो. साक्षीचे वजन करण्याची ही रीत नव्हे.

पैसे दिले, पैसे घेतले

प्रथम १९९३. ऑगस्टमध्ये जॅक्सन दौऱ्यावर बँकॉकमध्ये असताना बातमी फुटली. मुलाने आपले म्हणणे एका मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले होते, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कानी आल्यावर ती सरकारला कळवणे त्या डॉक्टरला भागच होते. (आपल्याकडे २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने हे बंधन केवळ डॉक्टरांवर नव्हे, ज्याला ज्याला कळेल त्या प्रत्येकावर घातले आहे. किती जण ते पाळतात हा भाग वेगळा.) पोलिसांनी सांता बार्बरा परगण्यातील नेव्हरलँड या त्याच्या प्रचंड वसाहतीची झडती घेतली. आकाशपाळणे, प्राणिसंग्रहालय आणि स्वतःची आगगाडी असलेली ही जागा म्हणजे लहान मुलाला स्वर्गच वाटावी. डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्याच्या शरीराचीही छायाचित्रे घेतली. मुलाने सांगितलेल्या खुणा त्यांच्याशी जुळल्या, असे एक पक्ष आजही म्हणतो. जुळल्या नाहीत, असे दुसरा म्हणतो.

बचावाच्या बाजूनेही काही होते. मुलाचे आईवडील विभक्त होते. वडिलांचे फोनवरील बोलणे ध्वनिमुद्रित झाले होते आणि त्यात आपण ठरवले तर या गायकाचा धंदा संपेल, अशा अर्थाची भाषा होती. पोलिसांपर्यंत प्रकरण जाण्याआधी पैशांची बोलणी झाली होती. जॅक्सनच्या माणसांनी यालाच खंडणी म्हटले. जानेवारी १९९४ मध्ये दिवाणी दाव्यात तडजोड झाली. रक्कम दोन कोटी डॉलरहून अधिक असल्याचे छापून आले. गुन्ह्याची कबुली त्यात नव्हती. पुढे मुलाने फौजदारी खटल्यात साक्ष देण्यास नकार दिला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये लॉस एंजेलिस व सांता बार्बरा या दोन्ही ठिकाणच्या सरकारी वकिलांनी आरोपपत्र ठेवत नसल्याचे जाहीर केले.

येथे दोन्ही तट आपापले हुकमाचे पान टाकतात. एक म्हणतो, निर्दोष माणूस एवढे पैसे देईल का? दुसरा म्हणतो, ज्याच्या मुलावर खरोखर अत्याचार झाला तो बाप पैसे घेऊन गप्प बसेल का? दोन्ही प्रश्न जोरदार वाटतात आणि दोन्ही पोकळ आहेत. दिवाणी दावा आणि फौजदारी चौकशी एकाच वेळी चालू असताना दिवाणी कोर्टात दिलेले प्रत्येक उत्तर फौजदारी वकिलाच्या हाती आयते पडते. तेव्हा श्रीमंत माणसाचे वकील पैसे देऊन मोकळे व्हा असाच सल्ला देतील, मग अशील दोषी असो वा नसो. आणि ज्याच्या मुलाला सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांपुढे उलटतपासणीला उभे राहायचे आहे, असा बाप पैसे घेऊन मुलाला बाजूला काढेल, हेही तितकेच शक्य आहे. लोभी बापाच्या मुलावर अत्याचार होत नाही, असा काही नियम नाही. उलट, ज्याला असे मूल शोधायचे असेल तो आधी आईबापांचा लोभच हेरेल. तेव्हा पैशाचा मुद्दा तराजूतून उचलून बाजूला ठेवावा हे बरे. तो कोणत्याच पारड्यात वजन टाकत नाही.

एक गोष्ट मात्र जॅक्सनच्या बाजूने आवर्जून नोंदवली पाहिजे. ज्या कॅलिफोर्नियात हे घडत होते, तेथेच दहा वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण सुरू झाले होते. तीनचार वर्षांच्या चिमुरड्यांना पुन्हा पुन्हा, हवे ते उत्तर येईपर्यंत प्रश्न विचारले गेले, आणि मग त्यांनी अत्याचाराबरोबरच भुयारे आणि अघोरी विधी यांच्याही गोष्टी सांगितल्या. खटला १९९० पर्यंत चालला, पाण्यासारखा पैसा गेला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. मूल खोटे बोलत नाही असे आपण भाबडेपणाने म्हणतो. पण मूल समोरच्या मोठ्या माणसाला बरे वाटेल ते बोलू शकते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. त्यामुळे ‘मुलाने सांगितले’ एवढ्यावर थांबता येत नाही. पहिल्यांदा कोणाला सांगितले, कोणी कसे विचारल्यावर सांगितले, हे पाहावे लागते. अर्थात तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे तीन वर्षांचे पोर नव्हे, हेही विसरून चालत नाही.

‘निर्दोष’ या शब्दाचा घोळ

२००३ च्या फेब्रुवारीत मार्टिन बशीर या ब्रिटिश पत्रकाराचा माहितीपट दाखवला गेला. कर्करोगातून उठलेला एक मुलगा जॅक्सनच्या खांद्यावर डोके टेकून, त्याचा हात हातात घेऊन बसला आहे आणि चव्वेचाळीस वर्षांचा जॅक्सन सांगतो आहे की मुलांबरोबर आपला बिछाना वाटून घेणे यात गैर काही नाही, ती मायेची गोष्ट आहे. हे त्याच्या शत्रूने सांगितलेले नाही. कॅमेऱ्यासमोर त्याने स्वतः सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला त्या मुलाच्या तक्रारीवरून अटक झाली आणि सांता मारिया या छोट्या गावातील कोर्टात २८ फेब्रुवारी २००५ रोजी खटला उभा राहिला. शंभराहून अधिक साक्षीदार झाले. एके दिवशी तर आरोपी पायजम्यात कोर्टात आला आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी साक्ष सोडून पायजमाच छापला.

साक्ष पाहिली तर सरकारी पक्षाची बाजू दुबळी होती, असेच म्हणावे लागते. मुलाच्या आईने पूर्वीच्या एका नुकसानभरपाईच्या दाव्यात आपण शपथेवर खोटे बोललो, हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कबूल केले. सरकारी मदत घेतल्याविषयीच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क तिने वापरला. ती ज्युरीकडे पाहून चुटक्या वाजवत असे. निकालानंतर ज्युरीतील एका वयस्कर बाईंनी त्याचा राग बोलूनही दाखवला. मुलाने आपल्या शाळेतील अधिकाऱ्याला ‘तसे काही झाले नाही’ असे सांगितल्याचे पुढे आले. आणि काळाचे गणित तर फारच अडचणीचे होते. माहितीपट दाखवल्यानंतर, बालकल्याण खात्याने कुटुंबाची विचारपूस केल्यानंतर, सगळ्या जगाचे डोळे त्या घराकडे लागलेले असताना हे कृत्य सुरू झाले, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. बचाव पक्षाचे वकील टॉमस मेसरो यांनी ही विसंगती शेवटपर्यंत सोडली नाही. जॅक्सनचे काही जुने नोकर साक्षीला आले, पण त्यांपैकी कित्येकांनी आपल्या कहाण्या आधी चटकदार साप्ताहिकांना विकलेल्या होत्या. सुमारे तीस तासांच्या विचारविनिमयानंतर १३ जून २००५ रोजी ज्युरीने चौदाच्या चौदा आरोपांतून त्याला सोडले. त्या साक्षींवर दुसरा निकाल देणे कठीण होते.

आपल्या वृत्तपत्रांनी ‘जॅक्सन निर्दोष’ असे मथळे दिले. इंग्रजीत ज्युरी जे शब्द उच्चारते त्यांचा अर्थ ‘दोषी ठरला नाही’ एवढाच असतो. मराठीत आपण तेवढ्यालाच ‘निर्दोष’ म्हणतो आणि नकळत न्यायालयाने न दिलेले प्रशस्तिपत्र देऊन टाकतो. त्याच ज्युरीतील एका सदस्याने निकालानंतर सांगितले की या माणसाने मुलांवर अत्याचार केले असावेत असे आपल्याला वाटते. पण या मुलाच्या बाबतीत ते सिद्ध झाले नाही. न्यायाच्या दृष्टीने हे अगदी योग्य वर्तन आहे. मात्र त्या ज्युरीसदस्याला जे कळले ते जॅक्सनच्या चाहत्यांना, आणि त्याच्या निंदकांनाही, आजतागायत कळलेले नाही.

एका वेगळ्या गायकाचे उदाहरण येथे आठवते. आर. केली हा शिकागोचा गायक २००८ साली, योगायोग असा की १३ जूनलाच, चौदाच्या चौदा आरोपांतून सुटला. त्याच्या प्रकरणात तर चित्रफीत होती. पण चित्रफितीतील मुलगी म्हणून जिचा उल्लेख होत होता, ती कोर्टात साक्षीला आलीच नाही. ती मी नव्हेच, असे तिने आधी सांगितले होते. तीच व्यक्ती चौदा वर्षांनी, २०२२ मध्ये, शिकागोच्या संघीय न्यायालयात उभी राहिली आणि तेव्हा आपण खोटे बोललो होतो, ती मीच, असे तिने सांगितले. केली दोषी ठरला. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या खटल्यात त्याला तीस वर्षांची शिक्षा झालीच होती. म्हणजे आधीचा नकार हा नेहमीच खरेपणाचा पुरावा असतो, असे नाही. पण म्हणून प्रत्येक नकारामागे दडलेला होकार असतो असेही नाही, आणि आपल्याला जॅक्सनच्या बाबतीत नेमक्या याच अडचणीत यावे लागते.

शपथेवर दोन वेळा

२००५ च्या खटल्यात बचाव पक्षाचा एक महत्त्वाचा साक्षीदार होता वेड रॉबसन. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये नाचण्याच्या स्पर्धेत जिंकून पाचव्या वर्षी जॅक्सनला भेटलेला हा मुलगा पुढे स्वतः नामांकित नृत्यदिग्दर्शक झाला. लहानपणी आपण कित्येकदा जॅक्सनच्या खोलीत झोपलो, पण त्याने कधीही गैरवर्तन केले नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. ‘होम अलोन’मुळे आपल्या मुलांनाही माहीत झालेला मॅकॉले कल्किन यानेही तसेच सांगितले, आणि तो आजवर आपल्या शब्दावर कायम आहे. रॉबसन मात्र २०१३ मध्ये बदलला. आपल्यावर सातव्या वर्षापासून अत्याचार झाले, असे सांगून त्याने दावा लावला. पुढच्या वर्षी जेम्स सेफचक यानेही लावला. या दोघांच्याच कहाणीवर डॅन रीड यांचा माहितीपट उभा आहे.

चाहत्यांचे आक्षेप क्षुल्लक नाहीत. शपथेवर दोन परस्परविरोधी विधाने करणारा माणूस एकदा तरी खोटे बोललेला असतो. जॅक्सनवर आधारलेल्या मोठ्या नृत्यकार्यक्रमाचे काम रॉबसनला हवे होते आणि ते मिळाले नाही. दावा पैशांचा आहे. माहितीपटात दुसऱ्या बाजूचा एकही माणूस बोलत नाही. आणि नेव्हरलँडच्या आगगाडीच्या स्थानकाचा मुद्दा तर या सगळ्यांत भारी आहे. स्थानकाच्या माडीवर आपल्यावर अत्याचार झाले असे सेफचक सांगतो. अत्याचार १९९२ च्या सुमारास थांबले, असेही त्याचे म्हणणे होते. आणि कागदपत्रांवरून स्थानक बांधले गेले ते १९९३-९४ मध्ये. दिग्दर्शकाने उत्तर दिले की चूक असेल तर ती अत्याचार थांबण्याच्या तारखेत आहे.

हे उत्तर पटते का? अर्धवट पटते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची जागा माणसाला आठवते, साल आठवत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव. आपले लग्न झाले तेव्हा घरी फोन होता का, यावरून नवराबायकोचे एकमत होत नाही. पण ज्या साक्षीला दुसरा आधार नाही, त्या साक्षीत असा सांधा निखळला तर तेवढे वजन उतरवावेच लागते. रॉबसनजवळ जॅक्सनने पाठवलेले प्रेमळ फॅक्स आहेत, सेफचकजवळ दागिने आहेत. यांवरून जवळीक सिद्ध होते, कृत्य सिद्ध होत नाही.

दुसऱ्या पारड्यात पाहिले तर ‘इतकी वर्षे गप्प का?’ हा प्रश्न ज्या तोऱ्यात विचारला जातो, तेवढी ताकद त्यात नाही. असली माणसे मुलाला धाक घालून सुरुवात करत नाहीत. ती माया लावतात. तू इतरांहून वेगळा आहेस, आपले दोघांचे गुपित जगाला कळणार नाही, असे सांगतात. मुलाला ते प्रेमच वाटते, आणि प्रेमाविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची? रॉबसन म्हणतो की आपल्याला मुलगा झाला, मन ढासळले, उपचार सुरू झाले, तेव्हा आपल्याला त्या गोष्टीचे नाव कळले. हे सोयीस्कर आहे असे कोणी म्हणेल. पण असेच सांगणारी हजारो साधी माणसे आहेत, ज्यांच्यावर अत्याचार करणारा गायक नव्हता, काका होता किंवा शिकवणीचा मास्तर होता, आणि ज्यांना एक पैसाही मिळायचा नव्हता. उशीर हा खोटेपणाचा पुरावा मानला तर त्या सगळ्यांना खोटे म्हणावे लागेल.

कल्किनच्या साक्षीचेही तसेच. ज्या घरात चोर शिरला नाही, त्या घरच्या माणसाने ‘तो चोर नाही’ असे सांगितले तर ते प्रामाणिक असू शकते आणि तरीही शेजारच्या घराबद्दल त्याला काही ठाऊक नसते.

ब्रिटनने या बाबतीत दोन्ही टोकांची किंमत मोजली आहे. जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा लाडका निवेदक, रुग्णालयांसाठी देणग्या गोळा करणारा, ‘सर’ झालेला. तो ऑक्टोबर २०११ मध्ये वारला. वर्षभराने एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने वाचा फोडली आणि जानेवारी २०१३ च्या पोलिसी अहवालापर्यंत सुमारे ४५० लोकांनी त्याच्याविरुद्ध माहिती दिली होती. पुरावा म्हणून आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की ही माणसे वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या दशकांतली, एकमेकांना न ओळखणारी होती, आणि सांगत होती ते एकाच वळणाचे. त्यांतील काहींनी त्याच्या हयातीतही तोंड उघडले होते. कोणी ऐकले नाही.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. लंडनच्या पोलिसांनी उलटेच केले. सॅव्हिलच्या नामुष्कीनंतर त्यांनी फुंकर मारायचेच सोडून दिले. २०१४ मध्ये एका माणसाने माजी मंत्री, लष्करप्रमुख अशा बड्यांवर बालकांवरील अत्याचाराचे आणि खुनाचेही आरोप केले, आणि चौकशी पुरी होण्याआधीच एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने ते विश्वासार्ह आणि खरे असल्याचे जाहीर सांगितले. वृद्ध युद्धवीराच्या घराची झडती झाली. माजी गृहमंत्री लिऑन ब्रिटन हे नावावरचा डाग धुतला जाण्याआधीच वारले. आरोप करणारा कार्ल बीच हा सराईत थापाड्या निघाला आणि जुलै २०१९ मध्ये त्यालाच अठरा वर्षांची शिक्षा झाली. तक्रारदाराचे ऐकून घेणे आणि तक्रारदाराचे खरे मानणे या दोन गोष्टी आहेत. पहिली त्याचा हक्क आहे. दुसरी तपासानंतरच करता येते.

या मापाने जॅक्सन कोठे बसतो? सॅव्हिलसारखा शेकडो परक्या माणसांचा एकसुरी आवाज त्याच्याविरुद्ध नाही. बीचसारखा उघडा पडलेला बनावही नाही. उघडपणे आरोप करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्या कहाण्यांचे वळण मात्र बरेचसे सारखे. जॅक्सनने अखेरपर्यंत सर्व आरोप नाकारले आणि आता तो उत्तर द्यायला नाही. रॉबसन आणि सेफचक यांचे दावे आधी मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळले गेले. कॅलिफोर्नियाने २०२० पासून मुदत वाढवल्यावर ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा फेटाळले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अपील न्यायालयाने जॅक्सनच्या कंपन्यांविरुद्ध ते चालवण्यास मुभा दिली. या दाव्यांतला प्रश्न मोठा मार्मिक आहे. ज्या कंपन्यांचा मालक स्वतःच आरोपी, त्या कंपन्यांच्या नोकरांवर मुलांना वाचवण्याची जबाबदारी होती की नव्हती? कंपन्यांचे म्हणणे, मालकाला कोण अडवणार? न्यायालयाचे म्हणणे, तेवढ्याने जबाबदारी टळत नाही.

मला विचाराल तर २००५ चा निकाल बरोबर होता आणि १९९४ ची तडजोड काहीच सिद्ध करत नाही. रॉबसन आणि सेफचक यांचे म्हणणे, स्थानकाचा सांधा निखळूनही, मला खोट्यापेक्षा खऱ्याच्या जवळ वाटते. पण ‘वाटते’ याच्या पुढे मी जाणार नाही, आणि ज्याला तसे वाटत नाही त्याला मूर्ख म्हणणार नाही. मात्र या साऱ्या वादात जी गोष्ट कोणीच नाकारत नाही, ना चाहता, ना फिर्यादी, ना स्वतः जॅक्सन, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एक प्रौढ पुरुष वर्षानुवर्षे परक्यांच्या मुलांना रात्री आपल्या खोलीत घेऊन झोपत होता. घरात नोकरचाकर होते, पहारेकरी होते, वकील होते. त्यांतल्या कोणी त्याला ‘हे बंद कर’ असे सांगून ते बंद झाले, असे दिसत नाही. १९९३ नंतरही नाही. कारण २००३ मध्ये तो तेच कॅमेऱ्यासमोर सांगत होता.

आणि आईबाप? आपल्याला वाटते, ती कोणी उनाड, बेफिकीर माणसे असतील. माहितीपटात त्या दोन आया बोलतात तेव्हा तसे दिसत नाही. शेजारच्या वाड्यात भेटतील अशाच त्या बायका आहेत. मुलाच्या गुणाचे कौतुक असलेल्या, त्याच्यासाठी धावपळ करणाऱ्या. रॉबसनची आई मुलांना घेऊन, नवऱ्याला ऑस्ट्रेलियातच ठेवून अमेरिकेत आली. त्याआधीच्या भेटीत कुटुंब ग्रँड कॅन्यन पाहायला गेले आणि सात वर्षांचा मुलगा त्याच्याच हट्टाने नेव्हरलँडमध्ये राहिला. जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस रोज फोन करतो, तासन् तास बोलतो, आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो, एकटा आहे म्हणून रडवेला होतो. अशा माणसाला ‘माझा मुलगा माझ्याच खोलीत झोपेल’ हे साधे वाक्य कसे ऐकवायचे? वाण्याच्या पोराला ते ऐकवता येते. आपल्याकडे एखाद्या गायनाच्या बुवांना, मोठ्या प्रशिक्षकाला किंवा नाटकमंडळीच्या मालकाला ते किती आईबाप ऐकवू शकले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सेफचकची आई दौऱ्यातल्या हॉटेलांविषयी सांगते. मुलगा जॅक्सनबरोबर असे, आईवडिलांची खोली वेगळी. सुरुवातीला ती अगदी लागून होती. पुढच्या मुक्कामी थोडी पलीकडे. त्याच्या पुढच्या मुक्कामी आणखी लांब. दर गावी हॉटेल अधिक उंची होत गेले, खोली अधिक सुंदर होत गेली, आणि मुलाच्या दारापासून अधिक दूर.